शून्य सावलीची दुपार

चांगखेड्यात आताशा सावली पाडायचीसुद्धा चोरी झाली होती, आणि ही करणी उज्ज्वला ढाक्यांच्या पोटच्या पोराची होती.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला सगळ्यांना आनंदच झाला होता. सरकारची 'घरोघरी सूर्य' योजना आली तेव्हा महिनाभर गावात भोंगे फिरले, शाळेच्या पोरांनी घोषणा देत फेऱ्या काढल्या आणि नगराध्यक्षांपासून मुख्याध्यापकांपर्यंत जो तो सूर्यावर भाषण ठोकत सुटला. तापीकाठचं हे तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात अंगणातल्या बादलीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. ऊन सोडलं तर उदंड म्हणावं असं इथे काही नव्हतंच. त्या उन्हाची वीज होणार म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आधी छपरांवर सौरपट चढले, मग भिंतींना लागले, आणि शेवटी गल्लीबोळांत, अंगणांत काळ्या चकचकीत सूर्यफरश्या बसल्या. भारनियमन हा शब्द पोरं विसरली. रात्रभर रस्ते लख्ख. त्या वर्षी उज्ज्वलाने भर वैशाखात पंख्याखाली निवांत झोप काढली, आणि हे सगळं बसवून घेणारा इंजिनिअर आपला वेदांत आहे, हे ती भाजीवालीलासुद्धा थांबवून थांबवून सांगायची.

मग बिबड्यांचं प्रकरण झालं.

वैशाखात खानदेशातल्या बाईला वाळवण घालू नको म्हणून कुणी सांगावं आणि तिने ऐकावं, असं अजून तरी घडलेलं नाही. पण गच्च्या सगळ्या सौरपटांनी अडवलेल्या. शेजारच्या बेबीताई भंगाळे डोक्याने पहिल्यापासून तल्लख. त्या म्हणाल्या, "अवं, एवढी गुळगुळीत तापलेली काच घरावर आयती आहे, मग खाटा कशाला शोधत बसायच्या?" झालं! अख्ख्या गल्लीने सौरपटांवर ओली लुगडी अंथरली आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे ताटाएवढे पापड, थापले. दुपारी बिबडे खालून करपले, काचा तडकल्या, धूर निघाला आणि अर्धं गाव अंधारात गेलं. वेदांतने मग देवळाच्या सभामंडपात बायकांना गोळा करून समजावलं. सौरपटातले तुकडे एका माळेत ओवलेले असतात. एका तुकड्यावर सावली पडली की तो वीज करायची सोडतो आणि बाकीच्यांनी केलेली वीज त्याच्यातून जाताना उष्णता होऊन अडकते. तो तापतो, फुटतो. "म्हणजे आमच्या बिबड्यांनी सूर्याला अडवलं म्हण की!" बेबीताई म्हणाल्या, आणि सगळा मंडप हसला. नगरपालिकेने शेवटी एसटी स्टँडला लागून एक मोकळं मैदान वाळवणासाठी सोडलं. साधी माती, फरशी नाही. गल्लीगल्लीच्या पाळ्या ठरल्या. ढाक्यांच्या गल्लीची पाळी दुपारची.

पण वेदांतच्या डोक्यातून तो धूर गेला नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्याने नव्या जातीच्या फरश्या मागवल्या. त्यांच्यातला अंगठ्याच्या नखाएवढा प्रत्येक तुकडा आपली वीज किती होते आहे ते स्वतंत्रपणे कळवायचा. एखादा तुकडा मंदावला की समजायचं, त्याच्यावर धूळ आहे, पान पडलंय, नाहीतर सावली आहे. असे कोट्यवधी तुकडे एकदम कळवू लागले आणि वेदांतच्या पडद्यावर सगळ्या गावाच्या सावल्या चालू लागल्या. कुत्र्याची सावली, सायकलची सावली, माणसाची सावली. माणसाच्या सावलीत त्याची उंची असते, पावलाची लांबी असते, हाताचा झोका असतो. काही दिवस निरखलं की यंत्राला कळायचं, ही सावली कुणाची. रात्री तर दिव्यांचा उजेड बाजूने येतो, सावली आणखी लांब पडते, आणि रस्त्यावर दुसरं कुणी नसतं. चोऱ्या बंद झाल्या. जत्रेत चुकलेली पोरं पाच मिनिटांत सापडायला लागली. गाव धन्य झालं.

"आता आपल्या गावात कुणीच हरवणार नाही, आई," वेदांत म्हणाला होता. त्याचे डोळे तेव्हा भरून आले होते. तो दुसरीत असताना त्याचा बाप "आलोच" म्हणून दारातून बाहेर पडला तो पडलाच. पोरगं कितीतरी दिवस ओट्यावर बसून वाट बघत होतं. हे उज्ज्वलाने डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे तिनेही मान डोलावली. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा तिला कल्पना नव्हती.

वाढून ठेवलं होतं ते सुनेच्या ताटात.

सानिका गावातल्याच रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. हसरी, चटपटीत पोरगी. लग्न झाल्यावर वेदांत तिला गमतीने म्हणायचा, "आज भाजीवाल्याशी फारच गप्पा झाल्या वाटतं!" तीही हसायची. मग गंमत रोजची झाली. मग फोन सुरू झाले. घराबाहेर पाऊल टाकलं की फोन. कुठे निघालीस, किती वेळ लागेल. लॅबच्या मागच्या दाराशी ती कुणाबरोबर उभी होती, दोन सावल्यांमध्ये अंतर किती होतं, हे तो जेवताना वरण वाढून घेत घेत विचारायचा. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. सानिकाने नोकरी सोडली. मग बाजार सोडला. मग ओट्यावर बसणंही सोडलं. पोलीस ठाण्यात ती एकदा गेली, तर तिथले साहेब म्हणाले, "वहिनी, नवरा काळजी करतो हीच तक्रार ना? आमच्या घरी उलट तक्रार आहे." आणि ती ठाण्याच्या पायऱ्या उतरायच्या आत वेदांतची गाडी समोर उभी होती.

एकदा तिने पळून जायचाही प्रयत्न केला. भल्या पहाटे, अंगावर चादर लपेटून, वाकून, म्हातारीसारखी चालत ती स्टँडवर पोचली. तिथल्या बाकावर वेदांत बसलेला होता. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते.

"चहा घे," तो म्हणाला. "गार होईल."

घरी आल्यावर सानिका उज्ज्वलाच्या मांडीत डोकं खुपसून इतकी रडली की उज्ज्वलाचं लुगडं भिजलं. "आई, त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं हो. दाखवायला काहीतरी असतं." पोराच्या बाजूने बोलावं असं एक वाक्य उज्ज्वलाला सुचेना, आणि विरुद्ध बोलायला जीभ रेटेना. त्या दिवसापासून तिला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं, आणि तिच्यावर तर कुणाची नजरही नव्हती.

इंदूरला सानिकाची मावशी होती. तिने तिथल्या लॅबमध्ये शब्द टाकून ठेवला होता. गाव सोडलं की साधे जुने सौरपट, मुकी छपरं, आणि राज्याची हद्द ओलांडली की बस अडवणारंही कुणी नाही. तिथे सावली म्हणजे नुसती सावली. अडचण एवढीच होती की घरापासून स्टँडपर्यंतच्या गल्ल्या अरुंद, रिक्षा आत येत नाही, आणि तेवढं अंतर चालल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

वाट दाखवली ती वेदांतनेच.

संध्याकाळची जेवणं चालली होती. वेदांत खुशीत होता. परवा राज्याची समिती येणार होती. चांगखेड्याची यंत्रणा सगळ्या महाराष्ट्रात बसवायची की नाही ते ठरणार होतं, आणि बसवायची ठरली तर प्रमुख म्हणून वेदांतचं नाव पक्कं होतं. अट एकच. वर्षभरात एकाही माणसाची ओळख चुकलेली नसावी.

"आणि उद्या नेमकी माझ्या यंत्राला डुलकी लागणार आहे," तो हसत म्हणाला. "शून्य सावली दिवस! आई, आठवतं? मी लहानपणी तुला स्टीलचा पेला ठेवून दाखवला होता."

आठवत होतं. उन्हात अंगणात पालथा ठेवलेला पेला, आणि त्याच्याभोवती नाचणारं पोरगं. "आई, बघ, पेल्याची सावली गुल!" वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा पावसाळी ढग असतात, म्हणून दिसतो तो मे महिन्यातलाच. उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते.

"मग माणसं कशी ओळखतोस तेव्हा?" उज्ज्वलाने भाकरी मोडत विचारलं.

"ओळखत नाही. वरून सगळे सारखेच, नुसते ठिपके. तेवढा वेळ यंत्र अंदाजाने चालतं. कुठल्या घरात किती ठिपके गेले, किती बाहेर आले, कुणाचा दरवर्षीचा नेम काय. हिशेब जुळला की पुरे." त्याने सानिकाकडे पाहिलं. "तू काही खात नाहीस. बरं नाही का?"

"बरं आहे," सानिका म्हणाली.

उज्ज्वलाने तिच्या ताटात आमटी वाढली आणि तिचा गुडघा आपल्या गुडघ्याने हळूच दाबला. सानिकाने मान वर केली नाही, पण भाकरीचा घास मात्र तोंडात घातला.

सकाळी गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन ढाक्यांकडे जमल्या. दरवर्षी याच सुमाराला उज्ज्वलाचे उडदाचे पापड असायचे, त्यामुळे यात नवल काहीच नव्हतं. पीठ कुटून तयार होतं. बेबीताई दोऱ्याने लाट्या कापत बसल्या होत्या. उज्ज्वला त्यांच्याजवळ सरकली आणि लाटणं न थांबवता तिने सगळं सांगितलं.

बेबीताईंचा दोरा थांबला. "माय वो! उज्ज्वला, पोरगा आहे तुझा."

"पोरगा आहे म्हणूनच."

"त्याला कळलं तर तोंड बघणार नाही तुझं."

"न बघू दे. पण ती पोरगी या घरात मेली तर मी माझं तोंड कुणाला दाखवू?" उज्ज्वलाचं लाटणं थांबलं. "बेबीताई, ती आता आरशात बघायचंही सोडून बसलीय. मला भीती वाटते हो तिला एकटी सोडायची."

बेबीताईंनी दोरा पुन्हा ताणला आणि फटाफट लाट्या पाडल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "चला गं बायांनो, हात उचला! दुपारच्या आत मैदान गाठायचंय. आणि आज सगळ्यांनी पराती डोक्यावर घ्यायच्या, कडेवर कुणी घ्यायची नाही. उन्हं फार आहेत." कुणी काही विचारलं नाही. कुणाकुणाला कळलं असेल, पण बायका पापड लाटत राहिल्या.

सावलीत जरा सुकलेले पापड थोरल्या परातींमध्ये रचले गेले. सानिका आतल्या खोलीतून आली ती उज्ज्वलाचं जुनं सुती लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. हातात काही नाही. फोन तिने तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला होता, घरात आहे असं दिसावं म्हणून. उज्ज्वलाने तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर परात.

"आई, तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचंय? संध्याकाळपर्यंत घरात बसायचं. बायका जन्मभर तेच करतात."

सानिकाला वाकून नमस्कारही करता येईना, डोक्यावर परात होती. तिने नुसता उज्ज्वलाचा हात घट्ट धरला. "सोड आता," उज्ज्वला म्हणाली, "नाहीतर मीच सोडायची नाही तुला."

अंगणात मधोमध उज्ज्वलाने स्टीलचा पेला पालथा ठेवला होता. त्याची सावली आखडत आखडत कडेला चिकटली, बारीक झाली, आणि गेली. बेबीताई पुढे निघाल्या. एकामागून एक बायका, सगळ्यांच्या डोक्यावर थाळ्यासारख्या गोल पराती, आणि सूर्य बरोबर माथ्यावर. सूर्यफरशीला दिसले ते एकसारखे गोल ठिपके. गल्लीतल्या जेवढ्या बायका सकाळी आत आल्या होत्या तेवढ्या बाहेर पडल्या, आणि त्यांच्याबरोबर घरची बाई, दरवर्षीसारखी. हिशेब जुळला.

उज्ज्वला दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. आता यंत्राच्या लेखी ती मैदानावर होती आणि सानिका घरात. मैदानाला लागून स्टँड, तिथून एकची बस; तीत चढणारा ठिपकाही यंत्र उज्ज्वलाच्याच नावावर धरणार. हद्द ओलांडेपर्यंत दाराबाहेर पाय टाकायचा नाही, एवढं एकच काम तिच्याकडे होतं. तिने देवाला दिवा लावला. एकदा बसली, एकदा उठली. पाणी प्यायली. घड्याळात एक वाजला, मग काटा पुढे सरकला. बस निघाली असेल. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते वाहू दिले.

तेवढ्यात अंगणात 'खर्र' असा आवाज झाला.

अंगणाच्या कडेला, फरशी नसलेल्या जागेत, खाटेवर काल थापलेले उरलेसुरले बिबडे वाळत होते. कोपऱ्यावरच्या घरची शेळी सुटून आली होती आणि तिने खालच्या लुगड्याचं टोक तोंडात धरून ओढायला सुरुवात केली होती. बिबडे एकेक करून खाली पडत होते. जन्मभर वाळवण राखलेली बाई ती! विचार करायला डोकं लागतं, हे हातापायांनीच झालं. "हाड्! हाड् तुझं मुडदं!" म्हणत उज्ज्वला काठी घेऊन धावली, शेळीला गल्लीपर्यंत पिटाळलं, पडलेले बिबडे पदरात गोळा केले आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

मग तिची नजर पायांकडे गेली. ऊन कललं होतं. काळ्या फरशीवर तिची बुटकी, रुंद, डाव्या अंगाला किंचित झुकलेली सावली पडली होती. उज्ज्वला मटकन खाटेवर बसली. बिबड्यांसाठी! चार बिबड्यांसाठी आपण पोरीला बुडवलं, असं तिच्या मनात आलं आणि तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

वेदांत आला तो पळतच. घामाने निथळत होता. हातात टॅब्लेट. त्याने आधी सगळ्या खोल्या पाहिल्या, मग न्हाणीघर, मग तो अंगणात येऊन आईसमोर उभा राहिला. त्याचा चेहरा दुसरीतल्या पोरासारखा झाला होता, आणि उज्ज्वलाला ते पाहवेना.

"सानिका कुठे आहे?"

उज्ज्वला पदरातल्या बिबड्यांवरची माती झटकायला लागली.

त्याने टॅब्लेट तिच्यापुढे धरला. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'उज्ज्वला ढाके एकाच वेळी दोन ठिकाणी. खरी कोणती?' एका चौकटीत स्टँडवरून निघालेली इंदूरची बस, दुसऱ्या चौकटीत हे अंगण. खाली वेळ उलटा सरकत होता.

"उत्तर दिलं नाही तर प्रश्न आपोआप मुंबईला जातो," तो म्हणाला. "बसमधली खोटी, एवढं दाबलं की नाक्यावर बस अडवतील. अजून हद्द यायची आहे."

"मग दाब ना."

त्याचा अंगठा पडद्यापाशी आला, पण टेकत नव्हता. उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं. "उद्या ती समिती यायची आहे," ती म्हणाली. "ओळख चुकली अशी नोंद होईल. होय ना?"

"सगळं जाईल, आई. इतक्या वर्षांचं सगळं." तो खाली बसला. "तू माझ्याशी असं का वागलीस? बाबा गेले तेव्हा तूही त्यांना अडवलं नाहीस. आजही नाही अडवलंस. तुला माणसं धरून ठेवताच येत नाहीत!"

ते वाक्य तिला वर्मी लागलं. पण ती रडली नाही. "अडवला असता तर तुझा बाप घरात राहिला असता रे," ती म्हणाली. "आपल्याजवळ राहिला नसता. सानिका तुझ्याजवळ होती का? तूच सांग. तुला तिची सावली तेवढी ठाऊक होती."

वेळ सरकत होता.

"दुसरं काही दाबता येतं का?" उज्ज्वलाने विचारलं. "ओळख चुकली असं न म्हणता?"

"कुणाचा पाय दुखावला, चाल बदलली, तर ओळख नव्याने शिकवता येते. ती चूक धरत नाहीत."

"मग झालं तर. अंगणातली सानिका आहे, तिचा पाय मुरगळलाय, असं लिही."

त्याने मान वर केली. "तुला कळतंय का तू काय बोलतेयस? हे एका दिवसाचं नाही. दवाखाना, रेशन, बँक, सगळीकडे आता हीच ओळख लागते. तू जिथे जाशील तिथे सानिका गेली असं होईल. उज्ज्वला ढाके या गावात राहणार नाही."

"नसू दे. ती इंदूरला गेलीय."

"मी परत बदलू शकणार नाही. बदललं की चूक कबूल केल्यासारखं होतं."

"म्हणजे तिलाही कुणी बदलू शकणार नाही," उज्ज्वला सावकाश म्हणाली. "उद्या तुझ्या फरश्या इंदूरला बसल्या तरी ती तिथे उज्ज्वला ढाके म्हणूनच फिरेल. तूच तसं लिहिलेलं असेल. सानिकाला शोधायला तुला या अंगणातच यावं लागेल."

आपण केलेल्या यंत्राची कड या बाईने कुठून धरली, हे वेदांतला उमजत नव्हतं. त्याला जवळ घ्यावं, घाम पुसावा, जा बाबा, आण तुझ्या बायकोला, असं म्हणून मोकळं व्हावं, असंही उज्ज्वलाला क्षणभर वाटलं. पण तिने पदराची गाठ मुठीत आवळली.

शेवटी त्याने दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली: 'सानिका ढाके, ओळख अद्ययावत.' पालथा पेला अजून तिथेच होता आणि त्याला आता बोटभर सावली फुटली होती.

दारातून निघताना तो थांबला. "ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, सानिका बाहेर पडली की मी फोन करतो. नाही केला तर विचारतील."

"कर की," उज्ज्वला म्हणाली.

समिती आली, पाहून गेली, यंत्रणा मंजूर झाली. पेपरात वेदांतचा फोटो आला. बेबीताईंनी मधल्या काळात मैदानावरून पापड गोळा करून आणले आणि कानाशी लागून सांगितलं, पोरगी पोचली, मावशीचा निरोप आला, रात्री पोटभर जेवली म्हणे. उज्ज्वलाने ते ऐकून पापडांचा डबा उगाचच दोनदा झाकला, दोनदा उघडला. बेबीताईंशी ओट्यावर बसून चार गोष्टी कराव्यात असं तिला फार वाटलं. पण सानिका कधी ओट्यावर बसत नसे.

आठवड्याने घरातली भाजी संपली. उज्ज्वलाने पिशवी घेतली, उंबरा ओलांडला. सकाळची उन्हं होती. तिची सावली लांबलचक होऊन तिच्यापुढे गल्लीत पडली, आणि घरात डाळीच्या डब्यात, ती रोज रात्री चार्ज करून परत तिथेच ठेवायची तो सानिकाचा फोन वाजायला लागला. ती मागे फिरली, डबा उघडला, डाळीत हात घालून फोन काढला.

"सानिका," वेदांतचा आवाज आला. मागे ऑफिसातली माणसं बोलत होती. "कुठे निघालीस?"

इतकी वर्षं हा फोन वाजला की ती स्वयंपाकघरातून कौतुकाने म्हणायची, किती काळजी करतो गं माझा पोरगा!

"भाजी आणायला," ती म्हणाली.

"किती वेळ लागेल?"

उज्ज्वलाने दारातून बाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला, मैदानापलीकडे, इंदूरची बस स्टँडवरून बाहेर पडत होती.

"लगेच येते," ती म्हणाली.